आक्कांना विचारा : दिवाळी, कोल्हापूर आणि कडेवरची पोरं

(दिवाळी जवळ आली की आमच्याकडे येणारी निम्मी पत्रं एकाच विषयावरची असतात: लहान मुलं घेऊन गावी जायचं कसं आणि राहायचं कसं. त्यातली तीन पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं नेहमीप्रमाणे मंगळवार पेठेतल्या आक्कांची. पेठेतल्या बालवाडीत त्यांनी आयुष्यभर पोरं सांभाळली.)

प्रश्न : आक्का, आम्ही पुण्यात बावधनला राहतो. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. दिवाळीला सासरी, कोल्हापुरात शिवाजी पेठेत जातो. सासू-सासरे, दोन दीर, जावा, त्यांची मुलं, भाऊबिजेला नणंदा, असं भरलेलं घर आहे. माणसं प्रेमळ आहेत, तक्रार ती नाही. पण मुलाला तिखट चालत नाही आणि त्यावरून रोज कुणीतरी बोलतंच, "कोल्हापूरचा गडी आणि चटणी खाईना?" मुलगी रात्री बारापर्यंत या मांडीवरून त्या मांडीवर फिरते. गेल्या वर्षी फटाक्यांच्या धुराने तिला धाप लागली, मी रात्र बसून काढली. नवरा एकदा गावात शिरला की तालमीतल्या मित्रांत गायब. येताना गाडीत मुलाच्या उलट्या असतात त्या वेगळ्याच. यंदा जाऊच नये असं वाटतं, पण तसं म्हणायची सोय नाही. काय करू?
— एक वाचक, पुणे

आक्का : अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची असशील.

जा. न जाण्याने हा प्रश्न सुटत नाही, पुढच्या दिवाळीवर जातो, आणि तोवर मुलगी धावायला लागलेली असेल. पण निघायच्या आधी नवऱ्याला समोर बसव. पुण्यात हाच गडी डबे भरतो, मुलीचे कपडे बदलतो, रात्री उठतो. तावडे हॉटेलपाशी हायवे सोडून गाडी शहरात वळली की "भावा, आलास होय?" असा एक फोन येतो आणि तो परत कॉलेजातला पोरगा होतो. त्याने मित्रांना भेटावं, का भेटू नये? पण आपल्या आईला काय सांगायचं ते त्याने सांगायचं, आणि तेही निघायच्या आधी, फोनवर. हेच सुनेनं सांगितलं की 'पुण्याची नखरं' होतात. मुलाने सांगितलं की 'डॉक्टरांनी सांगितलंय' होतं. अन्याय आहे, पण घरं अशीच चालतात, आणि चार दिवसांत तू ती बदलायला निघालीस तर दिवाळी भांडणात जाईल.

सांगायचं काय? दोनच गोष्टी. मुलीला धुरात न्यायचं नाही आणि रात्री नऊनंतर तिला कुणी उठवायचं नाही. बस्स. वेळापत्रक, टीव्ही, गोड, आंघोळीची वेळ, कोणत्या कपात दूध, ते सगळं सोडून दे. पंधरा नियम सांगितलेस तर पंधराही मोडतील. दोन सांगितलेस तर सासूबाईच त्यांची राखण करतील. कोल्हापूरच्या बायका एकदा जबाबदारी घेतली की दाराशी उभ्या राहतात.

आणखी एक. भरल्या घरात पोरं आपोआप ज्याच्याकडे ओढली जातात असं एक माणूस असतं. ते कोण ते हेर. बहुतेक वेळा ते बडबड करणारं माणूस नसतं. एखादा मुका दीर असतो, नाहीतर पेपर वाचत बसलेले सासरे. मुलीची जबाबदारी सगळ्या घरावर टाकू नको, त्या एका माणसावर टाक. सगळ्यांवर टाकलेलं मूल कुणाच्याच नजरेत नसतं. चौदा मोठी माणसं असलेल्या घरातलं पोर जिन्यावरून पडतं ते असंच.

आता प्रवास. वसुबारसेच्या आसपास संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघू नका, त्या वेळी अर्धं पुणे तुमच्या पुढे रांगेत असतं. पहाटे चारला निघा, मुलं झोपेतच उचलून गाडीत घाला. अंतर सुमारे २३० किलोमीटर. खंबाटकीच्या वळणांवर मुलगा झोपलेला असला की निम्मी लढाई तिथेच जिंकली. उलटी होते कशामुळे? कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे मोबाइलवर खिळलेले म्हणून सांगतात की आपण बसलोय. मेंदूचा गोंधळ होतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त, अगदी तान्ह्यांना सहसा होत नाही. म्हणून गाडीत मोबाइल नको, समोरचा रस्ता दिसेल असं बसव, काच थोडी खाली ठेव. रिकाम्या पोटी नेऊ नको आणि निघताना पेलाभर दूधही पाजू नको. कोरडी पोळी, इडली, असं काहीतरी थोडं. निघायच्या आधी द्यायचं औषध असतं, पण ते त्याच्या वजनाप्रमाणे तुमच्या डॉक्टरकडून लिहून आण. दुकानदाराच्या सांगण्यावरून नको. एक खंबाटकी उतरल्यावर आणि एक कराडच्या आसपास, असे दोन थांबे पुरतात. नवऱ्याला "नॉनस्टॉप साडेतीन तासांत पोचलो" हे तालमीत सांगायचं असतं, तिकडे लक्ष देऊ नको.

आणि मुलीला मांडीवर घेऊन पुढे बसणं बंद कर. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. दंड गेला खड्ड्यात. किणी टोलनाक्याच्या अलीकडे पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला तर मांडीवरचं मूल कुठल्याच आईच्या हातात राहत नाही.

तिखटाचं आता सांगते, कारण त्या टोमण्याने तू दुखावलीयस. पुढच्या वेळी कुणी "चटणी खाईना?" म्हणालं की हसून विचार, "मग आळणी कुणासाठी काढता?" तुझ्या सासरच्या चुलीवर मटण शिजतं तेव्हा आधी हळद, मीठ, आलं-लसूण घालून ते उकडतात. त्याचं जे पाणी सुटतं ती आळणी. तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से पुढे त्यातूनच होतात. ती वाटीभर आळणी भातावर घालून इथली प्रत्येक पिढी वाढली आहे. नाद खुळा म्हणत मिशीला पीळ देणारे तुझे दीरसुद्धा. तेव्हा तुझा मुलगा काही कुळाला बट्टा लावत नाहीये. फक्त पांढऱ्या रश्श्याला फसू नकोस. रंग दुधाचा असला तरी त्यात मिरी असते, मुलाच्या डोळ्यांतून पाणी काढेल. भाऊबिजेपर्यंत मटण नसेल, तर रोजच्या आमटीत कांदा-लसूण चटणी पडायच्या आधी वाटीभर वरण बाजूला काढायला लाव. हे चारचौघांत सांगू नको. स्वयंपाकघरात जिच्या हातात पळी आहे त्या जावेला सांग, आणि बदल्यात तिच्या हाताखाली करंज्या लाटायला बस. पंगतीत "एक घास खाऊन तर बघ" सुरू झालं तर मुलाचं ताट उचलून स्वयंपाकघरात न्यावं, वाद घालू नये.

तिखटाने पोरगं फार तर रडेल. मला खरी भीती वाटते ती चिवड्याची. दिवाळीत प्रत्येक टीपॉयवर, प्रत्येक खुर्चीवर फराळाची बशी असते, बरोबर तुझ्या मुलीच्या हाताच्या उंचीवर. त्यात शेंगदाणे असतात, डाळं असतं, खोबऱ्याचे काप असतात. चार वर्षांखालच्या मुलाला दाणा दाढेखाली नीट चावता येत नाही, आणि हसता-पळता श्वास आत घेतला की तो अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत जातो. पाहुणा मोठ्या प्रेमाने "घे गं सोनू" म्हणून मूठभर देतो. चिवड्याच्या बश्या उंचावर, मुलीला रव्याचा लाडू कुस्करून किंवा शंकरपाळी दुधात भिजवून. अचानक जोराचा ठसका लागला आणि मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत राहिला, तर "थांबलं आता" म्हणून बसू नको. त्याच वेळी डॉक्टरकडे. फोटो काढल्याशिवाय कळत नाही, आणि कधी कधी फोटोतही दिसत नाही, म्हणून दाणा खाताना ठसका लागला होता हे डॉक्टरला स्वतःहून सांग.

धुराचं. लक्ष्मीपूजनाची रात्र ही खरी रात्र. त्या दिवशी संध्याकाळीच मुलीला घराच्या मागच्या खोलीत ने, रस्त्याकडच्या खिडक्या लाव, पूजेपुरती बाहेर आण. 'ग्रीन' लिहिलेल्या फटाक्यालाही धूर असतो, कमी असतो एवढंच. गेल्या वर्षी धाप लागली होती म्हणतेस, तेव्हा निघण्याआधी तिच्या डॉक्टरला दाखव. पंप किंवा वाफेचं औषध दिलंच तर ते, आणि जुनी चिठ्ठी, दोन्ही पिशवीत वरच ठेव. पाडव्याला बरेच दवाखाने बंद असतात. कुठले बालरोगतज्ज्ञ त्या दिवशी भेटतात हे जावेला आजच फोन करून विचार, तिलाही मुलं आहेत, तिला ठाऊक असतं. मुलाच्या हातात फुलबाजी दिलीस तर शेजारी पाण्याची बादली हवी, कारण विझलेली तार बराच वेळ तापलेली असते आणि पोरं नेमकी ती उचलतात. भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, तूप, काही लावायचं नाही, कुणी कितीही वडीलधारं सांगत असलं तरी.

नरक चतुर्दशीच्या पहाटे बंब पेटलेला असतो. तांब्याचा बंब, खाली निखारे, नळाला कढत पाणी, आणि न्हाणीघरात आंघोळीची घाई झालेली माणसं. तिथे सासऱ्यांना बसव. दीड वर्षाच्या बाईला पहाटे पाचला उठवून उटणं चोळायची काहीच गरज नाही. ती सातला उठली म्हणून नरकात जात नाही.

एवढं सगळं काळजीचं सांगितलं, आता मुलाचं. तुझा मुलगा पाच वर्षांचा, म्हणजे यंदा तो किल्ल्याच्या वयाचा झाला. तुमच्या शिवाजी पेठेत गल्लीगल्लीत किल्ले होतात, आणि ती पोरं ते काम ज्या गांभीर्याने करतात तेवढ्या गांभीर्याने मोठी माणसं नोकरी करत नाहीत. खाली दगड-विटा, त्यावर पोती, वर लाल मातीचा चिखल लिंपायचा. मग आळीव आणि मोहरी पेरायची, ती उगवून हिरवी व्हायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून तुम्ही वसुबारसेला पोचता तेव्हा किल्ला बहुतेक उभा असतो आणि तुझ्या पोराला कडेला उभं राहून "हात लावू नको" ऐकावं लागतं. तिथून किरकिर सुरू होते, मग मोबाइल. यंदा चुलत भावंडांना आधीच फोन कर: एक बुरूज याच्यासाठी ठेवा. फक्त एक. आणि पुण्याहून जुने कपडे आण, असे की जे तिथेच फेकून देता येतील. चिखलाने माखलेला पोरगा संध्याकाळी काय खातो, कधी झोपतो, याची तुला काळजीच करावी लागणार नाही.

किल्ला झाला की पाडव्यानंतर एका सकाळी दिराला म्हण, पोरांना पन्हाळ्याला ने. शहरापासून वीस किलोमीटरच्या आसपास, गाडी थेट वर जाते, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जायला इतका सोपा दुसरा गड नाही. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी एवढं पुष्कळ. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा आणि महाराज रात्री पावसात कसे निसटले ते मुलाला तिथे उभं करून सांगायला लाव. दिराला मुद्दाम सांगावं लागणार नाही, तो थांबणारच नाही. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा मराठा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे. त्या दिवशी तू जाऊ नकोस. मुलगी आणि तू घरी झोपा.

पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून बाहेर काढतात, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरू. मुलांना ते लांबून दाखवा. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळून दूध देतात, तेही बघायला न्या. मोठ्यांनी हवं तर प्यावं, मुलांना मात्र तापवल्याशिवाय नको. अंबाबाईला दिवाळीत पोर कडेवर घेऊन मोठ्या रांगेत उभी राहू नको, मुखदर्शन घे आणि ये. देवी समजून घेते, रांगेतला घाम दीड वर्षाच्या मुलीला समजत नाही.

इचलकरंजीची आत्या, कागलचे मामा, गडहिंग्लजची चुलत सासू. दिवसाला एक घर, त्यापेक्षा जास्त नाही. बाकीच्यांना भाऊबिजेला तुमच्याकडेच बोलवा.

प्रश्न : आक्का, मी कोल्हापूरचीच. मुलगा-सून मुंबईला असतात, दिवाळीला नातवंडं येतात. धाकटा एक वर्षाचा आहे, मी उचलून घेतलं की भोकाड पसरतो आणि सून लगेच त्याला काढून घेते. मोठी सात वर्षांची, ती कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसते. सून पाण्याच्या बाटल्या सुद्धा मुंबईहून आणते. वर्षभर वाट बघायची आणि चार दिवसांत हे. फार लागतं मनाला.
— एक आजी, राजारामपुरी

आक्का : बाई, लागणारच. पण तो तुम्हाला ओळखत नाही म्हणून रडतो, तुम्ही आवडत नाही म्हणून नव्हे. सहा-आठ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सगळीच मुलं अनोळखी माणसाला घाबरतात, आणि जे मूल घाबरतं त्याची आईशी गाठ पक्की बसलेली असते. तुम्ही पहिल्या दिवशी त्याला उचलूच नका. त्याच्यापासून दोन हात लांब जमिनीवर बसा आणि काहीतरी करत राहा. वाटाणे सोला, वाती वळा. त्याच्याकडे बघू नका. तास-दोन तासांत तो तुमच्या पदराशी येतो. बालवाडीत जूनमध्ये मी दुसरं काहीही करत नव्हते. दिवाळीआधी आठवडाभर रोज थोडा वेळ व्हिडिओ कॉल केलात तर आणखी लवकर येईल. त्यात "आजीला पापा दे" नको, तुम्ही काहीतरी गाऊन दाखवा.

मोठीला "मोबाइल ठेव" म्हणायचं नाही, सोऱ्या हातात द्यायचा. चकल्या वाकड्या होऊ देत. तिने केलेल्या चकल्या वेगळ्या डब्यात भरा आणि आलेल्या प्रत्येकाला सांगा की या हिच्या. पाहुण्यांसमोर तिला कविता मात्र म्हणायला लावू नका. मला तर ते कधीच बघवत नाही, पोरं नुसती घामाघूम होतात.

पाण्याच्या बाटल्यांचं मनावर घेऊ नका. बाहेरगावचं पाणी एक वर्षाच्या पोटाला बाधलं तर रात्री धावपळ सुनेलाच करावी लागते. तुम्हीच सकाळी पाणी उकळून, गाळून तिच्यासाठी वेगळं झाकून ठेवा आणि तसं तिला सांगा. पुढच्या वर्षी ती दोनच बाटल्या आणेल.

प्रश्न : डोंबिवलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरला यायचं आहे. मुलं चार आणि सहा वर्षांची. तिकिटं कशी काढावीत?
— एक वाचक, डोंबिवली

आक्का : पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग त्याला वेगळा बर्थही नाही. पाच ते बारा वयात बर्थ नको असेल तर अर्धं, बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं. रात्रीची गाडी आहे, सहा वर्षांच्याला बर्थ घ्याच, आणि तुमच्यातल्या एकाचा तरी खालचा मागा, चार वर्षांचा तुमच्याजवळ भिंतीच्या बाजूला झोपेल. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं पहिल्याच दिवशी भरत आलेलं असतं. नाहीच मिळालं तर एसटी आहे: तिथेही पाचच्या आत फुकट, बारापर्यंत अर्धं, आणि बायकांना २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे. रेल्वेने आलात तर सामान काढायची घाई करू नका, कोल्हापूर शेवटचं स्टेशन आहे. जयसिंगपूर गेलं की मुलांना उठवायला लागा. हातकणंगले, रुकडी येईपर्यंत चपला घालून होतात.